खांबेट्यांचा फ्लेक्स

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मी मसुदे लिहिले आणि त्यातला एकही मसुदा साहेबांनी दुरुस्तीला परत पाठवला नाही. माझ्या पत्रांना लोक घाबरत. एक उपअभियंता तर माझं स्मरणपत्र क्रमांक तीन वाचून सरळ वैद्यकीय रजेवर गेला होता. तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका रस्त्यावरची वाहनं जरा सावकाश चालायला लावायची, हे काम म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी समजत होतो. पुढे त्यात मी वारलो, पण ते ओघाने येईलच.

माझं नाव यज्ञेश्वर त्र्यंबक खांबेटे. वय बहात्तर. पहिल्या मजल्यावर राहतो, एकटाच. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा सौमित्र कॅनडात असतो आणि दर रविवारी सकाळी नेमाने फोन करतो. आमच्या इमारतीत खाली दातांचा दवाखाना आहे आणि वर सगळ्या विद्यार्थ्यांच्या खोल्या. विद्यार्थी दर जूनला बदलतात. नवा आला की मला विचारतो, "अंकल, वायफाय आहे का?" मी नाही म्हणतो. आमचा संबंध तिथेच संपतो.

आपला म्हणावा असा माणूस एकच, रंगनाथ. तो समोरच्या इमारतीत राहतो, त्याची गॅलरी माझ्या गॅलरीच्या बरोब्बर समोर. अकरा वर्षं तो रोज संध्याकाळी पाचला रस्ता ओलांडून माझ्याकडे चहाला यायचा. फार गप्पा व्हायच्या असं नाही. तो म्हणायचा, "साखर कमी आहे." मी म्हणायचो, "मग घरी पीत जा." सव्वासहाला उठून जायचा. पण दिवसभर मी पाचचीच वाट बघायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

फेब्रुवारीत उलट्या दिशेने आलेल्या एका मोटरसायकलच्या आरशात रंगनाथचं मनगट अडकलं. हाड मोडलं, सात आठवडे प्लास्टर. त्याची सून शेफाली बँकेत अधिकारी आहे. तिने सांगितलं, "बाबा, यापुढे एकट्याने रस्ता ओलांडायचा नाही. विषय संपला." तिचं काही चूक नव्हतं. मीच तिकडे जावं, तर माझा गुडघा बदललेला, हातात काठी. दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी अठरा मिनिटं कडेला उभा होतो. एका बाईंनी विचारलं, "आजोबा, रिक्षा मिळत नाहीये का?"

फोनचाही उपयोग नाही. रंगनाथ दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरा आहे. समोर बसून ओरडलं तर ऐकू येतं, पण फोनवर त्याला फक्त त्याचं स्वतःचं हॅलो ऐकू येतं. मग आम्ही एक पद्धत पाडली. पाच वाजता दोघांनी आपापल्या गॅलरीत कप घेऊन यायचं. तो कप उचलून दाखवायचा, मी उचलून दाखवायचो. तो तिकडे प्यायचा, मी इकडे. मध्ये चाळीस फुटांचा रस्ता. असे आठ महिने गेले.

गंमत म्हणजे माझ्या गॅलरीच्या खालीच झेब्रा क्रॉसिंग आहे. म्हणजे होतं. आता त्याचे चार पट्टे उरलेत आणि वाहनवाले त्याच्याकडे कोणीतरी अर्धवट टाकलेली रांगोळी असल्यासारखे बघतात. मी दोन कार्यालयांना पत्रं लिहिली. दोन्हीकडून उत्तर आलं, "आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आला आहे." या वाक्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको. चौतीस वर्षं मीच ते लिहीत होतो.

म्हणून मी फ्लेक्स लावायचं ठरवलं.

विचार पक्का होता. पुण्यात माणूस सिग्नल बघत नाही, पण फ्लेक्स बघतो. कोणाचा वाढदिवस आहे, कोण निवडून आलं, कोण गेलं, हे गाडी चालवता चालवता मान वळवून वाचतो. आणि फ्लेक्सवर चेहरा असेल तरच वाचतो. मग आपलाच चेहरा लावू, म्हटलं. इथे एक खराखुरा म्हातारा रस्ता ओलांडू बघतोय, हे लोकांना कळू दे.

फ्लेक्स छापणारा समाधान धायरीचा. दुकान आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. मी त्याला माझा मसुदा दिला. सेहेचाळीस ओळी होत्या. पहिल्या परिच्छेदात पार्श्वभूमी, दुसऱ्यात वस्तुस्थिती, तिसऱ्यात नम्र विनंती.

समाधान म्हणाला, "काका, एवढं कोन वाचनार हाय? लोक लाल दिवा वाचत न्हाईत."

"मग किती ठेवू?"

"तीन ओळी. आन फोटो मोठा."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा माझा मसुदा दुरुस्तीला परत आला होता. पण माणूस अनुभवी दिसला, मी ऐकलं. त्याने कॉम्प्युटरवर एक नमुना उघडला. सोनेरी चौकट, फटाके, खाली दोन सिंह.

"सिंह काढा," मी म्हणालो.

"वाढदिवसाला लागत्यात."

"माझा वाढदिवस नाही. चांदण्या काढा. तो मुकुट काढा. हे लाल-पिवळंही नको, डोळ्यांना त्रास होतो. काळं-पांढरं असू दे. आणि कोपऱ्यात नेत्यांचे गोल गोल फोटो अजिबात नकोत."

"शांत पायजे."

"शांत, गंभीर आणि सभ्य."

त्याने दुसरा नमुना उघडला. मला बघताक्षणी आवडला. मधोमध माझा फोटो, निवृत्तीच्या ओळखपत्रावरचा, त्यात मी अजिबात हसत नाहीये. खाली पूर्ण नाव. त्यापुढे कंसात वय ७२, म्हणजे रस्ता ओलांडणारा म्हातारा आहे हे लोकांना कळावं. मग माझ्या तीन ओळी:

"गेलेला जीव परत येत नाही.
वाहने सावकाश चालवा.
आपले नम्र, समस्त स्नेही व परिसरातील नागरिक."

समाधान म्हणाला, "कडंनं रिकामं दिसतंय. थोडी फुलं टाकतो."

"भडक नकोत."

"पांढरी टाकतो."

"चालेल."

फुलं टाकून झाल्यावर तो माझ्याकडे वळला आणि जरा हळू आवाजात म्हणाला, "काका, घरी कोन कोन असतं?"

"कोणी नाही. मी एकटा."

"म्हंजे सोताच सगळं करून ठेवताय. बरं केलंत. नंतर कोनाला कुठं येळ असतो?"

मला वाटलं हा माझ्या नागरिकत्वाचं कौतुक करतोय. मी म्हणालो, "ज्याने त्याने आपलं कर्तव्य करावं."

"आन लावायचा कधी? का नुसता ठेवून द्यायचा?"

"ठेवून कशाला द्यायचा? मी कामं ठेवून देत नसतो. गुरुवारी सकाळी लावा."

त्याने वार वहीत लिहून घेतला. मग "पेठेतली मान्सं" असं काहीतरी पुटपुटला. संध्याकाळी त्याने फ्लेक्सचं चित्र फोनवर पाठवलं, तपासून घ्या म्हणून. मी भिंग लावून एकेक अक्षर तपासलं. र्‍हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती. मंजूर, असं कळवलं.

गुरुवारी सकाळी मी डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी थेंब घातले आणि दुपारपर्यंत काही वाचू नका म्हणाले. काळा चष्मा लावून रिक्षाने परत आलो, तेव्हा मला आमची इमारत म्हणजे एक मोठा पिवळा ढग दिसत होती. पण दारापाशी आल्यावर रिक्षावाल्याने वेग कमी केला, वर बघितलं आणि छातीला हात लावला. मी मनात म्हटलं, पहिला माणूस सुधारला.

घरात आलो तर अंधार. समाधानच्या माणसांनी फ्लेक्स वरच्या मजल्याच्या कठड्यापासून माझ्या कठड्याच्या खालपर्यंत ताणून बांधला होता. माझी गॅलरी गाठोड्यात बांधल्यासारखी झाली होती. मला फ्लेक्सची फक्त पांढरी पाठ दिसत होती. रस्ता दिसत नव्हता, रंगनाथची गॅलरी दिसत नव्हती. जरा जास्तच मोठा झाला, म्हटलं. पण मग मी कान दिला आणि खुर्ची ओढून तिथेच बसलो.

हॉर्न वाजत नव्हते.

खरं सांगतो, मी पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजले. एरवी मिनिटाला वीस-पंचवीस हॉर्न, आता दोन-तीन. गाड्या हळू होत होत्या. ब्रेकचे आवाज येत होते, हलके, सभ्य. कोणीतरी कोणालातरी म्हणालं, "सावकाश घे रे, बघ." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. चौतीस वर्षांत एकाही पत्राचा असा परिणाम बघितला नव्हता.

तीनच्या सुमारास डोळे जरा निवळले. फोन उघडला. आमचा ज्येष्ठ नागरिकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. निवृत्त मुख्याध्यापिका पद्मजाताई तो चालवतात, शाळेसारखाच. त्यांचा शेवटचा संदेश होता, "अत्यंत दुःखद. ओम शांती." खाली ओळीने जोडलेले हात.

आमच्या ग्रुपमध्ये महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी जातं. आधी हात जोडायचे आणि नंतर कोण गेलं ते विचारायचं, अशी रीत आहे. मीही हात जोडले. मग विचारलं, "कोण गेलं?"

कोणी उत्तर देईना. म्हणून मी वर सरकवत गेलो. एक फोटो होता. चेहरा ओळखीचा वाटला. शर्ट तर नक्की ओळखीचा होता, तो माझाच होता.

डोळ्यांत थेंब असूनही मला त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं. काळं-पांढरं. मधोमध न हसणारा मी. नाव, वय. गेलेला जीव परत येत नाही. कडेने मोगऱ्याची महिरप. समस्त स्नेही.

शुद्धलेखन मात्र निर्दोष होतं.

मी खालचे संदेश वाचले. आपल्यामागे लोक काय बोलतात ते वाचायची संधी फार थोड्यांना मिळते, आणि न मिळालेलीच बरी. "सरळमार्गी माणूस होता." "आपल्याच चौकात गाडीने उडवलं असं ऐकतो." "थोडे तिरसट होते, पण मनाने चांगले." त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, "थोडे?" आणि त्या 'थोडे?'ला अकरा जणांनी अंगठा दाखवला होता.

मी लिहिलं, "मी जिवंत आहे."

पद्मजाताईंचं उत्तर तत्काळ आलं. "मृत व्यक्तीचा फोन कोण वापरत आहे? मघाशी हातही जोडले गेले. कृपया औचित्य पाळावे."

मी नेमका मसुदा लिहायला घेतला. "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकार अद्याप..." पण तेवढ्यात त्यांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं. मी त्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. खांबेटे गेले म्हटल्यावर खांबेट्यांचा फोन कोण उचलणार?

ठीक आहे, म्हटलं. लोक घरी भेटायला येतीलच. तेव्हा समोरासमोर खुलासा करू. मी इस्त्रीचा शर्ट घातला. खुर्च्या मांडल्या, आतली दोन स्टुलंही बाहेर काढली. मोठ्या पातेल्यात दहा जणांचा चहा टाकला. दार थोडं उघडं ठेवलं, म्हणजे आत येताना कोणाला संकोच नको. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. आधी थोडं हसून, मग फ्लेक्सची हकिगत, मग रस्त्याचा मुद्दा.

साडेतीनला बसलो. चार वाजले. जिन्यात पावलं वाजली, तर वरचा विद्यार्थी होता. दारातून मला बघून म्हणाला, "अंकल, पार्टी आहे का?" आणि वर निघून गेला. त्याला माझं नाव माहीत नव्हतं, त्यामुळे त्याच्या लेखी मी गेलोही नव्हतो. साडेचार वाजले. पावणेपाच झाले.

कोणी आलं नाही.

आणि मग मला त्यामागचं कारण कळलं. ते साधं होतं. भेटायला यायचं ते मागे राहिलेल्या माणसांना. माझ्यामागे घरात कोणी नव्हतंच, मग यायचं कोणाकडे? लोकांचं काही चुकलं नव्हतं. मी जिवंत असताना घरी कोणी येत नव्हतं, मेल्यावर कशाला येतील? मुलगा रविवारी फोन करणार होता. मी गुरुवारी गेलो होतो. मधले तीन दिवस जगात कोणालाच काही करायचं नव्हतं. एवढ्या खुर्च्या मांडून बसलेला मी मलाच केविलवाणा वाटलो आणि मला फार, फार एकटं वाटलं. हे विनोदी कथेत सांगायचं नसतं, पण वाटलं ते वाटलं.

घड्याळात पाच वाजले आणि मला रंगनाथ आठवला. समोरचा फ्लेक्स तो सकाळपासून बघत असणार.

मी कप भरला आणि गॅलरीत धावलो, म्हणजे काठी टेकत गेलो. फ्लेक्स बाजूला सारायला बघितला, तर घोड्याला खोगीर बांधतात तसा आवळून बांधलेला. एका कडेला वीतभर फट होती. त्यातून डोकं जाईना. मग मी त्या फटीतून हात बाहेर काढला, कपासकट, आणि जोरजोरात वर-खाली हलवला.

खाली करकचून ब्रेक लागले. एक बाई ओरडली, "अगं आई गं, फोटोतून हात आला!" आणखी ब्रेक. मग सगळा रस्ता चिडीचूप. मी हात हळूच आत घेतला.

पाच मिनिटांनी दाराची बेल वाजली, दार उघडं असूनही.

दारात रंगनाथ उभा होता. धापा टाकत होता. त्याच्या हातात त्याचा कप होता, अर्धा चहा सदऱ्यावर सांडलेला. डोळे लाल. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"आहेस?"

"आहे," मी ओरडलो.

"मग ते बाहेर काय लावलंय?"

"जनजागृती."

तो खुर्चीत बसला. कप खाली ठेवला आणि एकदम रडायला लागला. रंगनाथला मी आजवर कधी रडताना बघितलं नव्हतं, प्लास्टर असतानाही नाही. काय करावं मला कळेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आमच्यात तशी पद्धत नाही, तरी ठेवला.

"शेफाली ऑफिसला गेली आणि मग ते लागलं," तो म्हणाला. "सांगायचं कोणाला? दुपारी जेवण गेलं नाही. म्हटलं, झोपू, तर झोप येईना. पाच वाजले तसा कप घेऊन गॅलरीत उभा राहिलो. सवय."

"मग?"

"मग तुझा हात दिसला. कपासकट."

"घाबरला असशील."

"घाबरायचं काय? म्हटलं, बोलावतोय. आलो."

मी आत जाऊन पातेलं घेऊन आलो. दहा माणसांचा चहा होता. आम्ही तीन-तीन कप प्यायलो.

"साखर कमी आहे," रंगनाथ म्हणाला.

"रस्ता कसा ओलांडलास?" मी त्याच्या कानाशी ओरडलो.

"गाड्या उभ्याच होत्या. सगळे वर तोंड करून बघत होते. मी मधून चालत आलो, कोणी काही बोललं नाही. एका बसवाल्याने तर हात दाखवला, या म्हणून." मग त्याला राग आला. "आठ महिने तू धडधाकट इथे बसला होतास, तर एक सायकल थांबली नाही. आज मेलास तर बस थांबते. काय माणसं आहेत!"

"तेच तर मी लिहिलं होतं. सेहेचाळीस ओळींत."

"तू कशाला बोलतोस? वीस वर्षं मंडईत जाताना तू स्कूटर उलटी घालायचास. वळसा पडतो म्हणून."

"तेव्हा रस्ता मोकळा होता."

"तेव्हाही म्हातारी माणसं होती, यज्ञेश्वर. आपण नव्हतो एवढंच."

मला त्या स्कूटरची आठवण झाली आणि एका आजोबांचीही. त्यांनी मला काठी उगारून दाखवली होती आणि मी हसलो होतो.

सहाच्या सुमाराला खोलीत एकदम उजेड पडला. बिनपरवाना फ्लेक्स काढणारी माणसं आली होती. आम्ही गॅलरीत गेलो तोवर फ्लेक्स खाली उतरला होता आणि एक माणूस तो गुंडाळत होता.

"अहो, थांबा," मी वरून हाक मारली.

त्याने माझ्याकडे बघितलं. हातातल्या फ्लेक्सकडे बघितलं. परत माझ्याकडे बघितलं. मग फ्लेक्स गाडीत टाकून तो ड्रायव्हरला म्हणाला, "चल, चल, चल."

"दहाव्यापर्यंत तरी ठेवायचा," रंगनाथ म्हणाला.

पाच मिनिटांत रस्ता मूळपदावर आला. हॉर्न, कट, उलटी येणारी वाहनं, फुटपाथवरून जाणारी स्कूटर. रंगनाथ कठड्याला धरून खाली बघत होता. तो इकडे आला होता खरा, पण आता परत जायचं कसं, हे आम्ही दोघांनीही एकाच वेळी मनात म्हटलं.

तेवढ्यात शेफालीचा फोन आला. ती बँकेतून आली होती आणि तिच्या गॅलरीत आपले सासरे सोडून सगळं होतं. सासरे समोर दिसत होते. तिला फ्लेक्सचं काहीच माहीत नव्हतं.

"काका, बाबा तिकडे कसे आले?"

"चालत."

"बरोबर कोण होतं?"

"तसं बघितलं तर सगळेच होते."

"त्यांना तिथेच थांबवा. मी येते न्यायला."

ती खाली आली आणि पलीकडच्या कडेला उभी राहिली. हात दाखवत होती, पुढे पाऊल टाकत होती, मागे घेत होती. कोणी थांबेना. बँकेतली अधिकारी बाई, चाळीस फूट रस्ता, दहा मिनिटं तिथेच. मग आम्हीच जिना उतरलो, मी काठी टेकत, तो माझा दंड धरून. झेब्राच्या चार पट्ट्यांवर उभे राहिलो.

मी हात वर केला.

पहिलीच गाडी एका जेवण पोचवणाऱ्या तरुणाची होती. पाठीला भली मोठी चौकोनी पिशवी, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. त्या दिवशी दहा वेळा तरी तो माझ्या फोटोखालून गेला असणार. त्याने माझ्याकडे बघितलं आणि गाडी जागच्या जागी उभी केली. मागच्या चार गाड्या एकमेकींना टेकता टेकता राहिल्या.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही तर वरती..."

"हो. तोच मी."

त्याने आरशावरचं हेल्मेट काढलं आणि डोक्यात घालून पट्टा लावला. मागच्या स्कूटरवरच्या बाईंनीही मला ओळखलं. दुसऱ्या बाजूची कार थांबली. आम्ही सावकाश चालत गेलो, अगदी सावकाश, कारण माझा गुडघा आणि त्याची धाप. कोणी हॉर्न वाजवला नाही.

शेफालीने विचारलं, "काका, या लोकांना झालंय काय?"

"ओळख आहे," मी म्हणालो.

तिला सगळं सांगितल्यावर ती आधी आम्हा दोघांना रागावली, मग तोंड फिरवून हसली. आणि मग म्हणाली, काका स्वतः उभे असतील तर बाबांनी यायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पावणेपाचला खाली जाऊन झेब्रावर उभा राहू लागलो. हात वर केला की गाड्या थांबत. काही जण नमस्कार करत. एक गृहस्थ गाडीवरून उतरून माझ्या पाया पडले. पद्मजाताई स्वतः बघायला आल्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "असं होतं तर वेळेत कळवायला हवं होतं." मग त्यांनी मला परत ग्रुपमध्ये घेतलं. रविवारी सौमित्रचा फोन आला. काय विशेष, म्हणाला. मी म्हणालो, विशेष काही नाही.

रंगनाथ रोज येत होता. साखर रोज कमी होती. आठ दिवस असे गेले, माझ्या गेल्या सहा वर्षांतले सगळ्यात बरे.

नवव्या दिवशी सव्वासहाला त्याला सोडायला म्हणून आम्ही खाली आलो. मी हात वर केला. एक मोटरसायकल माझ्या कोपराला वारा घालून गेली. मग दुसरी. मग एक कार, तिच्या ड्रायव्हरने मला हाताने बाजूला व्हायची खूण केली. जेवण पोचवणारा तोच तरुण समोरून आला. त्याचं हेल्मेट आरशाला होतं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाचव्या मिनिटाला मी काठी वर केली. दहाव्या मिनिटाला माझा आवाज बसला. विसाव्या मिनिटाला मी गप्प झालो.

"विसरले," रंगनाथ म्हणाला.

"नवा फ्लेक्स लावावा लागेल," मी त्याच्या कानाशी ओरडलो. "या वेळी रीतसर परवानगी काढून."

"तुझाच?"

"माझा आता कोणी खरा मानणार नाही."

पलीकडे शेफाली गॅलरीत येऊन उभी राहिली होती. रंगनाथने तिच्याकडे पाठ केली, माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "माझा पासपोर्टचा फोटो बरा आलाय."